सरकारनं न छापलेली यादी

1909 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहरात, एक पाहुणा तिथलं ऑस्टिओपॅथीचं कॉलेज बघायला आला. डीननी त्याला इमारतभर फिरवलं. दारांवर ठळक अक्षरात पाट्या होत्या : शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र. पण एकूण एक दार कुलूपबंद. किल्ल्या शिपायाकडे आहेत आणि शिपाई सापडत नाही, असं डीननी सांगितलं. पुढे त्यांनीच पाहुण्याला स्टेशनवर पोचवलं आणि तो आता गाडीनं पुढच्या गावी जाईल अशा समजुतीनं ते परतले. त्यांची पाठ वळताच पाहुणा पुन्हा कॉलेजात गेला, शिपायाला शोधून काढलं, त्याच्या हातावर पाच डॉलर ठेवले आणि एकेक दार उघडायला लावलं. प्रत्येक खोलीत तेच ते : एक टेबल, लहानसा फळा, काही खुर्च्या. तक्ते नाहीत, उपकरणं नाहीत, काहीही नाही. दारावरच्या पाट्या सोडल्या तर त्या खोल्यांमध्ये फरकच नव्हता.

पाहुण्याचं नाव अब्राहम फ्लेक्स्नर. हा प्रसंग त्यानं पुढे आत्मचरित्रात सांगितला आहे. तो डॉक्टर नव्हता. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावचा हा शाळामास्तर. स्वतःची खाजगी शाळा चालवलेला, आणि अमेरिकन कॉलेजांवर टीका करणारं एक पुस्तक नुकतंच लिहिलेला. कार्नेगी फाउंडेशनचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांनी त्याला वैद्यकीय कॉलेजांची पाहणी करायला सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं, यांची काहीतरी गफलत झालीय. यांना माझा भाऊ सायमन हवा असेल. सायमन फ्लेक्स्नर हा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधन संस्थेचा प्रमुख, नावाजलेला वैद्यकीय संशोधक. पण प्रिचेटना हाच भाऊ हवा होता. डॉक्टरानं डॉक्टरांची कॉलेजं बघितली की डोळेझाक होते. शिकवणं म्हणजे काय हे कळणारा माणूस त्यांना पाठवायचा होता.

फ्लेक्स्नरनं अमेरिका आणि कॅनडा मिळून 155 वैद्यकीय कॉलेजं पालथी घातली. त्याचे प्रश्न मोजके होते. प्रवेशाची अट काय, आणि ती खरोखर पाळली जाते का? शिक्षक किती, आणि त्यातले पूर्णवेळ किती? पैसा कुठून येतो, आणि कुठे जातो? प्रयोगशाळा आहेत का? विद्यार्थ्याला रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहायला मिळतं का? या पाच प्रश्नांवर बहुतेक कॉलेजं कोसळली. 155पैकी जेमतेम 16 कॉलेजांत प्रवेशाआधी दोन किंवा जास्त वर्षांचं कॉलेजशिक्षण लागत होतं. उरलेल्यांपैकी कित्येक म्हणजे गावातल्या चार-सहा डॉक्टरांनी भागीदारीत चालवलेला धंदा होता. फी घ्यायची, व्याख्यानं द्यायची, नफा वाटून घ्यायचा, शेवटी एम.डी.ची पदवी हातात द्यायची. 1910 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक कॉलेजचं नाव होतं, गाव होतं, आणि तिथं काय दिसलं ते नाव घेऊन लिहिलं होतं. एकट्या शिकागोत 14 वैद्यकीय कॉलेजं होती, आणि त्या शहराबद्दल फ्लेक्स्नरनं वापरलेले शब्द साथीच्या रोगाला शोभणारे होते.

खरं तर पडझड आधीच सुरू झाली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं 1904 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एक परिषद नेमली होती. तिनं 160 कॉलेजं तपासून त्यांची तीन गटांत वाटणी केली : 82 ठीक, 46 शंकास्पद, 32 नापास. पण एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरची उघड निंदा करणं व्यवसायाच्या शिष्टाचारात बसत नव्हतं, म्हणून ही वाटणी जाहीर झाली नाही. फ्लेक्स्नरला अशी कुठली आडकाठी नव्हती. 1910 मध्ये एकट्या अमेरिकेत 131 कॉलेजं होती. 1920 पर्यंत 85 उरली.

हे घडलं कसं, ते नीट बघायला हवं, कारण अमेरिकेतल्या ॲक्रेडिटेशनची, म्हणजे कॉलेजांना मान्यता देण्याची, सगळी रीत त्यात आहे. केंद्र सरकारनं एकही कॉलेज बंद केलं नाही. तसा अधिकारच त्याला नव्हता. डॉक्टरकीचा परवाना देणारी मंडळं राज्यांची होती. त्यांनी एकामागून एक ठरवलं की असोसिएशनच्या लेखी नापास असलेल्या कॉलेजच्या पदवीधराला परवान्याच्या परीक्षेलाच बसू द्यायचं नाही. निवाडा खाजगी संस्थेचा, जोर राज्याच्या कायद्याचा, आणि वर रॉकफेलरसारख्यांच्या देणग्या, त्याही पास झालेल्या कॉलेजांनाच. ज्याची पदवी घेऊन दवाखाना उघडता येत नाही अशा कॉलेजात कोण जाणार?

याची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवं. कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा सात वैद्यकीय कॉलेजं होती. फ्लेक्स्नरच्या मते त्यातली दोनच जगवण्यालायक होती : वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी. बाकीची पाच पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बंद पडली. ती साधनांनी दुबळी होती हे खरं. पण गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते, त्यामुळे तिथला गोरा विद्यार्थी दुसरीकडे जाऊ शकत होता, इथला जाऊ शकत नव्हता. शिवाय कृष्णवर्णीय डॉक्टरानं आपल्याच लोकांत काम करावं, शस्त्रक्रियेपेक्षा स्वच्छतेचं शिक्षण त्याला जास्त उपयोगाचं, असं फ्लेक्स्नरनं लिहून ठेवलं आहे. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं 2020 मध्ये आपल्या पुरस्कारावरून त्याचं नाव काढलं, ते याच कारणानं.

स्त्रियांसाठी स्वतंत्र अशी तीन कॉलेजं त्या पाहणीच्या वेळी होती. टिकलं ते एकच, फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये आणि गुरुबाई करमरकर 1892 मध्ये एम.डी. झाल्या, ते हेच कॉलेज. आनंदीबाईंच्या जिद्दीबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं असतं. त्यांनी निवडलेलं कॉलेज अमेरिकेतल्या त्या बाजारात किती भरवशाचं होतं, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

वैद्यकीय कॉलेजांची ही कथा. पण साध्या बी.ए.च्या कॉलेजांची अवस्था फार निराळी नव्हती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कॉलेज काढायला राज्याची सनद लागे, आणि सनद देताना विधिमंडळं फारशी खोलात शिरत नसत. एखादा धर्मपंथ, एखादं नवं वसलेलं गाव, एखादा धनिक, कोणीही कॉलेज काढी. अनेक कॉलेजांत निम्म्याहून अधिक मुलं प्रत्यक्षात शाळेच्याच वर्गात असत, कारण आसपास हायस्कूल नसे. विद्यार्थ्याला प्रवेश देण्याआधी त्याची शाळा कशी आहे हे कळायला मार्ग नव्हता. मिशिगन विद्यापीठानं 1871 च्या सुमारास आपले प्राध्यापक शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली. ते ज्या शाळेला बरं म्हणतील तिथली मुलं प्रवेशपरीक्षेविना घेतली जात. मग कॉलेजं आणि शाळा एकत्र बसू लागल्या. न्यू इंग्लंडचा संघ 1885 मध्ये झाला, मधल्या राज्यांचा 1887 मध्ये, दक्षिणेचा आणि नॉर्थ सेंट्रल हे दोन 1895 मध्ये. आजच्या ॲक्रेडिटेशन संस्थांचं मूळ या संघांत आहे. तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न एवढाच होता की शाळा कुठं संपते आणि कॉलेज कुठं सुरू होतं.

त्या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर पेन्शनच्या पैशातून आलं. अँड्र्यू कार्नेगींनी 1905 मध्ये प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन कॉलेजच्या प्राध्यापकांना द्यायचं, तर आधी कॉलेज म्हणजे काय हे ठरवणं भाग होतं. फाउंडेशननं ठरवलं : निदान सहा पूर्णवेळ प्राध्यापक, चार वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेशासाठी हायस्कूलचा ठरावीक अभ्यास, दोन लाख डॉलरचा कायम निधी, आणि कुठल्याही पंथाचं नियंत्रण नाही. ही शेवटची अट अनेकांना झोंबली, पण काही कॉलेजांनी पेन्शनसाठी चर्चशी असलेला संबंध तोडलासुद्धा. पैशामागून दर्जाची व्याख्या येते, हा धडा अमेरिकेनं इथं पहिल्यांदा गिरवला.

आणखी एक दडपण समुद्रापलीकडून येत होतं. त्या काळी उच्च शिक्षणाची पंढरी म्हणजे जर्मनी. तिथल्या विद्यापीठांना अमेरिकन पदव्यांचा भरवसा वाटत नव्हता. त्याचाच विचार करायला 1900 साली शिकागोत 14 विद्यापीठं एकत्र आली आणि असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज स्थापन झाली. पण बर्लिनच्या विद्यापीठानं सोपा मार्ग काढला : या संघटनेच्या सदस्यांच्याच पदव्या मानायच्या. मग उरलेल्या शेकडो कॉलेजांचं काय? त्यातली काही सदस्य विद्यापीठांइतकीच चांगली होती. यादी हवी होती, आणि ती कोणी तटस्थानं करायला हवी होती. संघटनेनं केंद्र सरकारच्या शिक्षण विभागाला, ब्यूरो ऑफ एज्युकेशनला, गळ घातली.

ब्यूरोत 1910 मध्ये उच्च शिक्षणासाठी पहिल्यांदाच एक तज्ज्ञ नेमला गेला होता. त्याचं नाव केंड्रिक बॅबकॉक. हा ॲरिझोना विद्यापीठाचा अध्यक्ष राहिलेला माणूस. फ्लेक्स्नरचं नाव आज वैद्यकीय इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे, बॅबकॉकचं कोणाच्या लक्षात नाही. माझ्या मते अमेरिकन उच्च शिक्षणाचं आजचं रूप समजून घ्यायचं तर फ्लेक्स्नरच्या यशापेक्षा बॅबकॉकचं अपयश जास्त उपयोगी पडतं.

बॅबकॉकनं कुलुपं उघडून घेतली नाहीत. त्यानं वेगळी युक्ती केली. मोठ्या विद्यापीठांच्या पदव्युत्तर विभागांत जाऊन त्यानं हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. प्रश्न एकच : अमुक कॉलेजचा बी.ए. झालेला मुलगा इथं आल्यावर त्याला एम.ए. व्हायला किती काळ लागतो? एका वर्षात होत असेल तर ते कॉलेज पहिल्या वर्गात. थोडं जास्त शिकावं लागत असेल तर दुसऱ्या. एक वर्ष जादा लागत असेल तर तिसऱ्या. आणि ज्याची बी.ए. ही पदवी जवळजवळ दोन वर्षांनी तोकडी पडते, ते चौथ्या. मला ही पद्धत फार आवडते. इमारती, निधी, ग्रंथालयातली पुस्तकं यांतलं काहीही न मोजता तिथून बाहेर पडलेल्या माणसाला काय येतं, एवढंच तिनं विचारलं. आज शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ कॉलेजांनी निष्पत्ती मोजावी म्हणून जो आग्रह धरतात, तो बॅबकॉकनं त्या कारकुनी नोंदवह्यांमधून एकट्यानं अमलात आणला होता.

1911 मध्ये यादीची मुद्रितं तयार झाली. 344 संस्था : पहिल्या वर्गात 59, दुसऱ्यात 161, तिसऱ्यात 84, चौथ्यात 40. मुद्रितं गोपनीय म्हणून काही डीनकडे सूचनांसाठी धाडली होती. ती वर्तमानपत्रांच्या हाती लागली.

मग जो गदारोळ उठला तो आजही समजण्यासारखा आहे. पहिल्या वर्गातल्या 59 जणांना बोलायचं कारण नव्हतं. उरलेल्या 285 जणांना होतं. आपलं कॉलेज दुसऱ्या दर्जाचं आहे असं सरकारी कागदावर छापून येणार, हे कळताच अध्यक्ष, विश्वस्त, माजी विद्यार्थी यांची पत्रं वॉशिंग्टनला धडकू लागली. अध्यक्षांचा मुख्य सवाल होता की केंद्र सरकारला हा अधिकार दिला कोणी? अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखही नाही. तो राज्यांचा विषय. आणि जे कॉलेज चांगले शिक्षक घडवतं, पण एम.ए.ला मुलं पाठवतच नाही, त्याला या मापानं कसं तोलणार? हा दुसरा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा होता. नवे शिक्षण आयुक्त फिलँडर क्लॅक्स्टन आपल्या तज्ज्ञाच्या पाठीशी उभे राहिले. पण राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी पद सोडण्यापूर्वी आदेश काढून यादी रोखली. विद्यापीठांच्या संघटनेनं नवे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना साकडं घातलं. विल्सन स्वतः प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले. निकृष्ट कॉलेज म्हणजे काय हे अमेरिकेच्या कुठल्याही राष्ट्राध्यक्षापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनीही यादी बाहेर येऊ दिली नाही. बॅबकॉक 1913 मध्ये इलिनॉय विद्यापीठात डीन म्हणून निघून गेला.

त्यानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कॉलेजांची प्रतवारी करण्याचं नाव पुन्हा कितीतरी दशकं काढलं नाही. बराक ओबामांच्या सरकारनं 2013 मध्ये तशी घोषणा केली आणि दोन वर्षांत तीही गुंडाळून ठेवली.

पण गरज तर होतीच. सरकारनं टाकलेलं काम त्याच वर्षी खाजगी हातांनी उचललं. विद्यापीठांच्या संघटनेनं परदेशांसाठी आपली यादी केली. ती 1948 पर्यंत चालली. आणि 1913 मध्येच नॉर्थ सेंट्रल संघानं मान्यताप्राप्त कॉलेजांची पहिली यादी काढली. तीत 73 नावं होती. बॅबकॉकच्या आणि या यादीत मोठा फरक होता. इथं वर्ग नव्हते. यादीत नाव आहे किंवा नाही, एवढंच. जो नाही त्याच्याबद्दल एक शब्दही लिहायचा नव्हता. शिवाय संघात येणं ऐच्छिक होतं, म्हणजे गाऱ्हाणं घेऊन राष्ट्राध्यक्षांकडे जायची सोय उरली नाही. मापं मात्र पुन्हा मोजता येण्याजोग्या वस्तूंची आली : निदान आठ विभाग, दोन लाखांचा निधी, पदवीसाठी 120 सेमिस्टर-तास, शिक्षकाला आठवड्याला 18 तासांहून जास्त शिकवणं नाही. बॅबकॉकनं विचारलेला प्रश्न बाजूला पडला.

हे आकडे पुढं इतके जाचक झाले की नॉर्थ सेंट्रलनंच 1934 मध्ये ते टाकून दिले. कॉलेजनं स्वतःसमोर जे उद्दिष्ट ठेवलं असेल, ते ते गाठतं आहे का, हे बघायचं, असं नवं तत्त्व आलं आणि ते आजवर चालत आलं आहे. शेतकी कॉलेजला हार्वर्डच्या गजानं मोजू नये, हे त्यातलं शहाणपण मला पटतं. पण जो विद्यार्थी चार वर्षं आणि घरची पुंजी घेऊन दारात उभा असतो, त्याला अशा निवाड्यातून फारच थोडं कळतं.

या खाजगी यंत्रणेत किती ताकद आहे हे 1941 मध्ये जॉर्जिया राज्यात दिसलं. गव्हर्नर होता यूजीन टॅलमॅज, गोऱ्या शेतकऱ्यांचा लाडका आणि वर्णभेदाचा कट्टर पुरस्कर्ता. जॉर्जिया विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाचा डीन वॉल्टर कॉकिंग हा मूळचा आयोवाचा. त्याला गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवायचं आहे, असा त्याच्यावर आरोप झाला. टॅलमॅजनं त्याला काढायचा हुकूम सोडला. नियामक मंडळानं मतदानानं नकार दिला. टॅलमॅजनं मंडळातले तीन सदस्य बदलले, पुन्हा मतदान घेतलं, आणि कॉकिंगला घालवलं. त्याच्याबरोबर स्टेट्सबरोच्या शिक्षक महाविद्यालयाचे अध्यक्ष मार्विन पिटमन आणि इतरही काही जण गेले.

दक्षिणेच्या ॲक्रेडिटेशन संघाकडे पोलीस नव्हते, न्यायालय नव्हतं, सरकारी शिक्काही नव्हता. त्यानं डिसेंबर 1941 मध्ये जॉर्जियाच्या दहा सरकारी कॉलेजांची मान्यता काढून घेतली. कारण स्वच्छ होतं : जिथं प्राध्यापक ठेवायचा की काढायचा हे गव्हर्नर ठरवतो, ते विद्यापीठ म्हणण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. याचा अर्थ घराघरांत पोचायला वेळ लागला नाही. जॉर्जियात शिकलेल्या मुलाचं शिक्षण आता दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ मानेलच याची खात्री नव्हती. वैद्यकीय प्रवेशाचा प्रश्न होता, नोकरीचा होता. विद्यार्थी उठले. त्यांच्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं, कारण मतदानाचं वय 21 होतं. पण त्यांच्या आईबापांना होतं. 1942 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत एलिस आर्नॉल या तरुण वकिलानं हाच मुद्दा धरला आणि टॅलमॅजला पाडलं. नव्या गव्हर्नरनं नियामक मंडळ राजकारणाच्या कक्षेबाहेर काढलं, आणि 1943 मध्ये मान्यता परत मिळाली.

या घटनेनं मी भारावून जातो, पण तिची दुसरी बाजू लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. मान्यता गेली ती गोऱ्यांच्या कॉलेजांची. दक्षिणेचा हाच संघ कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना सदस्य करून घेत नव्हता. 1930 पासून त्यांची वेगळी यादी ठेवत होता, आणि हे 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चाललं. कॉकिंगसारख्यांचं स्वातंत्र्य त्यानं राखलं. ज्या मुलांच्या नावानं कॉकिंगवर ठपका ठेवला गेला, ती मुलं दाराबाहेरच राहिली.

जॉर्जियातला तो वाद चालू असतानाच महायुद्ध येऊन ठेपलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ पैसा. 22 जून 1944 ला फ्रँकलिन रूझवेल्टनी सही केलेल्या जी.आय. कायद्यानं परतलेल्या सैनिकाला वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी आणि वर खर्चाला महिना मिळू लागला. 22 लाख सैनिक कॉलेजांत गेले, त्याहून कितीतरी जास्त धंदेशिक्षणाच्या शाळांत. सैनिकाचा पैसा हडपायला रातोरात निघालेल्या शाळांची चौकशी पुढे अमेरिकन काँग्रेसला करावी लागली. कोरियन युद्धाच्या सैनिकांसाठी 1952 मध्ये नवा कायदा करताना प्रश्न उभा राहिला : पैसे कुठल्या संस्थेला द्यायचे, हे ठरवणार कोण? 1911 चा अनुभव गाठीशी होता. काँग्रेसनं ठरवलं, सरकार कॉलेजांची यादी करणार नाही. शिक्षण आयुक्त फक्त भरवशाच्या ॲक्रेडिटेशन संस्थांची यादी करतील, आणि त्या संस्था कॉलेजांची. तीच तरतूद 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यात गेली. लिंडन जॉन्सन यांनी 8 नोव्हेंबरला टेक्सासमध्ये सॅन मार्कोसला, आपल्याच जुन्या कॉलेजात जाऊन त्यावर सही केली. त्या दिवसापासून केंद्राची शिष्यवृत्ती आणि कर्ज गरीब मुलापर्यंत पोचायचं तर त्याचं कॉलेज मान्यताप्राप्त असायला हवं. आज ही रक्कम वर्षाला 100 अब्ज डॉलरांहून अधिक आहे. ऐच्छिक म्हणून जन्मलेली गोष्ट नावापुरती ऐच्छिक राहिली.

तिची कामाची रीत आपल्याकडच्या प्राध्यापकांना अनोळखी वाटणार नाही. कॉलेजनं दीड-दोन वर्षं खपून स्वतःचा अहवाल लिहायचा; मग दुसऱ्या कॉलेजांतल्या प्राध्यापक-प्रशासकांची टीम येणार, दोन-तीन दिवस राहणार, शिक्षकांशी, विद्यार्थ्यांशी बोलणार; आयोग निर्णय देणार, आणि बहुधा दहा वर्षांनी पुन्हा तेच. आपल्याकडे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकनं हीच पीअर टीम आणि हाच स्व-अहवाल घेतला. पण नॅक 1994 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे सरकारच्या अंगानं, उभारलेली संस्था; अमेरिकन आयोग कॉलेजांच्याच वर्गणीवर चालतात. अभ्यासक्रमांची तपासणी तिथं वेगळ्या संस्था करतात : अभियांत्रिकीची 1932 मध्ये सुरू झालेली आणि आज एबेट म्हणून ओळखली जाणारी संस्था, वैद्यकाची 1942 पासूनची समिती. अमेरिकेत शिकायला निघालेल्या पुण्या-नागपूरच्या मुलांनी कॉलेजची आणि अभ्यासक्रमाची मान्यता अशा दोन्ही बघाव्यात, त्या यासाठीच.

ज्यांच्या वर्गणीवर जगायचं त्यांनाच नापास करायचं, ही अडचण या घडणीत पहिल्यापासून होती. कोरिंथियन कॉलेजेस या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत ती उघडी पडली. 2015 च्या एप्रिलमध्ये तिनं एका फटक्यात उरलेल्या 28 शाखा बंद केल्या, तेव्हा 16,000 विद्यार्थी वाऱ्यावर पडले. त्यातले बहुतेक गरीब घरचे होते, आणि कित्येक आपल्या घरातून कॉलेजात गेलेले पहिलेच. नोकरी लागण्याचे फुगवलेले आकडे दाखवून त्यांना भरती केलं होतं. शाखांना मान्यता होती, शेवटपर्यंत होती. त्यातल्या अनेकांना ती देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेची सरकारी ओळख 2016 मध्ये काढून घेतली, 2018 मध्ये परत दिली, 2022 मध्ये कायमची काढली. त्याच वर्षी सरकारनं कोरिंथियनच्या 5,60,000 माजी विद्यार्थ्यांचं 5.8 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. पैसा परत आला; गेलेली वर्षं कशी येणार?

आता राज्यकर्त्यांनीच या संस्थांवर रोख धरला आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी एप्रिल 2025 मध्ये ॲक्रेडिटेशनबद्दल आदेश काढून नव्या संस्थांना वाट मोकळी करायला सांगितलं, आणि जुन्यांची ओळख काढून घेण्याचा इशारा दिला. दोन महिन्यांनी दक्षिणेकडच्या सहा सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांनी मिळून स्वतःचा नवा ॲक्रेडिटेशन आयोग जाहीर केला. पुढाकार फ्लोरिडाचा होता. त्या सहांमध्ये जॉर्जियाही आहे.